छोटा हत्ती कुठे वळवायचा? मदतीच्या नेटवर्कमधे माहिती सांभाळणारी माणसं कशी तयार करायची

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या, आदल्या दिवशीची जेवणं आटोपून लोक झोपलेले, आणि रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, मोरभवनच्या बसस्टँडवर पाणी, डागा लेआउट, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे लोकांच्या घरात पाणी.

आमचं नेटवर्क म्हणजे तेव्हा सात-आठ छोट्या संस्था, दोन गणेश मंडळं, काही बचत गट आणि कॉलेजची पोरं. सकाळी नऊपर्यंत माझ्या फोनवर सहा व्हॉट्सॲप ग्रुप आणि प्रत्येकात तेच मेसेज फॉरवर्ड होऊन राहिलेले. दुपारपर्यंत एका गल्लीत जेवणाची पाकिटं तीनदा पोचली, आणि तिच्याच मागच्या गल्लीतल्या एका मावशी मला म्हणाल्या, "इकडे कोणीच नाही आलं जी ताई." तेव्हा आमचा छोटा हत्ती, म्हणजे सामानाची छोटी गाडी, पोळ्यांनी भरलेला चौकात उभा होता आणि ड्रायव्हर विचारत होता की ताई, कुठे वळवू. मला सांगता आलं नाही.

मदत कमी नव्हती हो. माहिती पण कमी नव्हती, उलट जरा जास्तच होती, पण ती नीट लावून ठेवणारं कोणी नव्हतं. त्यानंतर आम्ही हळूहळू हे काम शिकलो, चुकत चुकत, आणि आता दुसऱ्या गावचे लोक विचारतात की तुम्ही कसं करता म्हणून एकदाचं सविस्तर लिहून काढते. सॉफ्टवेअर कोणतं हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे हे आधीच सांगते. प्रत्येक टप्प्यावर एकच विचारायचं, या माहितीने गाडी कुठे वळवायची ते कळेल का?

पहिलं काम: कोण, काय, कुठे

संयुक्त राष्ट्रांचं मदतकार्यात समन्वय ठेवणारं ऑफिस आहे, त्याला ओचा म्हणतात. त्यांच्याकडे जगभर वापरली जाणारी एक साधी गोष्ट आहे, थ्री-डब्ल्यू, म्हणजे कोण, काय, कुठे. पुढे त्यात केव्हा आणि कोणासाठी जोडून फोर-डब्ल्यू, फाइव्ह-डब्ल्यू पण झालं. सुरुवात तीनावरच करा.

एक गूगल शीट उघडा. कॉलम इतकेच: संस्था, काम, जागा, स्थिती, तारीख, कोणाशी बोलायचं. आता इथे सगळे जी चूक करतात ती आम्ही पण केली. एका संस्थेला एकच ओळ दिली आणि कामाच्या खान्यात लिहिलं "जेवण, ब्लँकेट, औषध" आणि जागेच्या खान्यात "धरमपेठ, धंतोली वगैरे". आता ब्लँकेट कुठे दिले आणि औषध कुठे, सांगा बरं. तर नियम असा की एक संस्था, एक काम, एक जागा म्हणजे एक ओळ. त्याच संस्थेने तीन कामं दोन जागी केली तर सहा ओळी होतील, होऊ द्या. "वगैरे" हा शब्द शीटमधे बॅन.

स्थितीच्या खान्यात तीनच शब्द ठेवा, ठरलंय, सुरू आहे, झालं. लोक "करणार आहे" ला "केलं" म्हणून सांगतात, खोटं बोलतात असं नाही, उत्साह असतो. पण एका संस्थेने उद्या पाणी देणार म्हणून आज लिहिलं आणि बाकीच्यांनी तो भाग सोडून दिला असं आमच्याकडे झालंय, आणि मग तिथे दोन दिवस पाणी गेलं नाही. म्हणून "ठरलंय" वाली ओळ चोवीस तासांत पुढे सरकली नाही तर फोन करून विचारायचं, आणि हे विचारायला एक माणूस नेमलेला पाहिजे, थोडा चिकट स्वभावाचा असला तर उत्तम.

जागेची नावं: इथे खरा घोळ आहे

आमच्या पहिल्या शीटमधे एकच डागा लेआउट पाच पद्धतीने लिहिलेलं होतं. लेआउट, लेआऊट, मधे डॅश, कोणी दागा लिहिलं, आणि इंग्रजीत कोणी दोन जी टाकले. कॉम्प्युटरला या पाच वेगळ्या वस्त्या. मग पिव्होट काढलं, म्हणजे वस्तीवार बेरजेचा तक्ता, की पाच ठिकाणी थोडी थोडी मदत दिसते आणि वाटतं अरे इथे कमी पडलं, पाठवा अजून.

उपाय म्हणजे जागेला कोड द्यायचा आणि नाव कोणी टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं. शहरात महापालिकेचे दहा झोन आहेत, लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. त्यांना ०१ ते १० नंबर द्या, त्याखाली प्रभाग, त्याखाली वस्ती. वस्ती ही सरकारी यादीत नीट सापडत नाही, ती तुमची तुम्हाला बनवावी लागते, आणि ती बनवायला ऑफिसात बसून उपयोग नाही. आम्ही दूध टाकणाऱ्या एका काकांना बसवलं. दोन तासांत त्यांनी जेवढ्या गल्ल्या सांगितल्या तेवढ्या कोणत्याच नकाशात नव्हत्या.

ग्रामीण भागात हे सोपं आहे आणि अवघड पण आहे. जिल्ह्यात शहर धरून चौदा तालुके, आणि केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो फुकट मिळतो, तोच वापरा, स्वतःचा शहाणपणा करू नका. पण त्या यादीत आपल्याकडची रिठी गावं पण असतात, म्हणजे रेकॉर्डला गाव आहे, माणूस एक नाही. एका पोराने मेहनतीने यादी काढली की या या गावांतून अजून काहीच माहिती आली नाही, आपण तिथे तातडीने जायला पाहिजे. त्यातली बरीच रिठी होती. तिथल्या एका रिटायर्ड कोतवालाने पाच मिनिटांत खोडून दिली.

फॉर्म बनवताना घर, कुटुंब की चूल?

फॉर्मसाठी आम्ही कोबोटूलबॉक्स वापरतो, मोबाइलवर नेट नसताना पण चालतं, रेंज आली की पाठवून देतं, आणि संस्थांना एका मर्यादेपर्यंत फुकट आहे. शिकायला एक दुपार पुरते. पण त्याच्या आधी कागदावर ठरवायची गोष्ट ही की मोजायचं काय.

एक घर सांगते. कामठी रोडच्या बाजूचं, खाली आईवडील, वर दोन भाऊ, मागच्या खोलीत भाडेकरू. पहिल्या दिवशी गेलेल्या पोरीने लिहिलं घर एक. दुसऱ्या दिवशीच्या पोराने रेशन कार्ड विचारलं, कार्ड दोन निघाली, त्याने लिहिलं कुटुंबं दोन. आणि किराणा किट घेऊन गेलो तेव्हा दारात चार जणी उभ्या, कारण स्वयंपाक चार ठिकाणी होतो. चौघींचं पण बरोबरच होतं. तेव्हापासून आमच्याकडे किराण्यासाठी मोजायचं ते चूल, म्हणजे "तुमच्या घरात स्वयंपाक किती ठिकाणी वेगळा होतो?" हा प्रश्न प्रत्येकाला कळतो, त्याला व्याख्या समजवावी लागत नाही. ताडपत्रीसाठी मात्र घर मोजा, आणि औषधासाठी माणूस. काय वाटायचं आहे त्यावरून काय मोजायचं ते ठरतं.

प्रश्न पंधराच्या वर नको. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की याचं उत्तर वाचून कोण काय ठरवणार, आणि ते लिहिता नाही आलं तर प्रश्न उडवा. आम्ही "घरातील शैक्षणिक पात्रता" उडवला तेव्हा एक सर चिडले होते, असो.

"नुकसान किती झालं?" असं विचारू नका. कोणी दोन लाख म्हणतो, कोणी "सगळंच गेलं" म्हणतो, दोन्ही शीटमधे बिनकामाचं. त्यापेक्षा म्हणायचं, पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दाखवा, आणि पर्याय ठेवायचे घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीच्या वर. चिखलाची रेघ असतेच, लोक हात ठेवून दाखवतात. गुडघ्याच्या वर गेलं की खालच्या कप्प्यातलं धान्य भिजलं, गादी गेली, बहुतेक गॅसचा बर्नर पण, एवढा अंदाज एका उत्तरातून येतो.

तसंच "घरात कोणी अपंग आहे का?" याला लोक नाही म्हणतात आणि मागे खाटेवर आजोबा असतात. वॉशिंग्टन ग्रुप म्हणून सहा प्रश्नांचा एक संच जगभर वापरतात, बघायला, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, बोललेलं समजायला आणि समजवायला त्रास होतो का, असा. सहाही प्रश्न वेळ असेल तरच, घाईत चालण्याचा एक तरी विचारा, कारण ज्या घरात माणूस चालू शकत नाही त्या घरी किट नेऊन द्यावी लागेल, चौकात या म्हणून चालणार नाही.

बारीक सेटिंग पण सांगते. वयाला ० ते ११० ची मर्यादा घाला. मोबाइल नंबर टेक्स्ट म्हणून ठेवा आणि दहाच आकडे घेऊ द्या, गणित करायचं नाहीये त्याचं. "इतर" हा पर्याय ठेवला तर त्याखाली लिहायची जागा द्या आणि रोज रात्री ते "इतर" वाचा, आम्हाला सॅनिटरी पॅडची मागणी तिथूनच कळली, फॉर्म बनवणारे तिघंही पुरुष होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्म भरायच्या आधी एक वाक्य पाठ करून जायचं: "हा सरकारी पंचनामा नाही, याच्यावरून पैसे मिळणार नाहीत." लोक हातात मोबाइल बघून विचारतातच, पैसे केव्हा येतील ताई? पंचनामा तलाठ्याचा किंवा महापालिकेचा, त्याची जागा आपण घेत नाही. हे नाही सांगितलं तर आठवड्याने तुम्ही त्या गल्लीत पाय ठेवू शकणार नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपला फॉर्म भरला म्हणून खऱ्या पंचनाम्याच्या वेळी घरी न थांबणारे लोक पण निघतात.

साफसफाई

कोणालाच आवडत नाही हे काम. आलेला डेटा एका शीटमधे जसाच्या तसा ठेवा, तिचं नाव "मूळ, हात लावू नका", आणि कॉपीवर काम करा. आपल्याकडे मराठीमुळे तीन भानगडी हमखास येतात. एक, ग्रामपंचायतीतून आलेली यादी जुन्या फाँटमधे असते, कृतिदेव किंवा श्रीलिपी, आणि उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, ती युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर दिसतं त्या लिपीत, बदलून घ्यावी लागते, बदलणारी पानं नेटवर सापडतात, पण लोकांच्या नावाची खरी यादी अशा अनोळखी पानावर टाकू नका, ऑफलाइन कन्व्हर्टर बघा. आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्याने तपासा. दोन, कोबोतून काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमधे डबल क्लिक करून उघडली की मराठीचं वाटोळं होतं, ती डेटा मेनूतून यूटीएफ-८ निवडून आणायची, किंवा सरळ एक्सेल फाइलच डाउनलोड करा. तीन, मराठी आकडे. कोणी ५ मराठीत टाइप केला तर बेरजेत तो धरला जात नाही आणि एक्सेल तोंडातून शब्द काढत नाही. एकदा एका वस्तीची माणसं निम्मीच दिसत होती, कारण हेच.

डबल नावं शोधताना मोबाइल नंबरवर भरवसा ठेवू नका, एका चाळीत चार चुली मिळून एकच फोन लिहितात. नाव, वस्ती आणि घरातली माणसं हे तीन जुळले तर संशय घ्या, आणि संशय आला तर फोन करा, आपोआप डिलीट मारू नका. डिलीट झालेलं कुटुंब कधी ओरडत नाही, त्यांना माहीतच नसतं की त्यांचं नाव होतं.

नावं, फोन आणि फोटो

एका संस्थेच्या कार्यकर्त्याने एकट्या राहणाऱ्या बायकांची यादी, नंबरासकट, एका मोठ्या ग्रुपवर टाकली. हेतू चांगला होता, कोणीतरी मदत करेल म्हणून. चार दिवसांत त्यातल्या दोघींना कर्ज देतो म्हणून फोन यायला लागले आणि एकीला त्याहून वाईट. त्यानंतर आमच्याकडे नियम कडक आहे. नावानिशी यादी तिघांकडेच, ग्रुपवर फक्त आकडे. आधारचा फोटो घ्यायचाच नाही, किट द्यायला आधार कशाला लागतो? विचारून, सांगून माहिती घ्यायची, नाही म्हणाले तरी मदत तीच. काम संपलं की किती दिवसांत खोडायची ते आधीच ठरवायचं. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा पण झालाय, पण खरं सांगू, कायद्यापेक्षा त्या यादीतल्या एकीचा रडका फोन जास्त लक्षात राहतो.

आकड्यावरून निर्णय

नुसते १८० लोक शाळेत राहिलेत असं लिहिलं की सगळे "अरेरे" म्हणतात आणि पुढे जातात. त्याच्या बाजूला माप ठेवावं लागतं. स्फिअर नावाचे मदतकार्याचे किमान निकष आहेत, त्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक संडास धरतात, अगदी सुरुवातीच्या दिवसांत पन्नासामागे एक. तर १८० माणसांना २,७०० लिटर पाणी आणि नऊ संडास. शाळेत चालू संडास तीन आहेत, टाकी हजार लिटरची आणि दिवसातून एकदा भरते. आता वाक्य बदललं ना? सहा संडास आणि १,७०० लिटर पाणी कमी. हे वाक्य झोन ऑफिसला पाठवता येतं, टँकरवाल्याला पाठवता येतं.

रोज संध्याकाळी सात वाजता एक पान, जास्त नाही. वर तारीख-वेळ, मग कालपासून काय बदललं, मग कुठे काय कमी आहे, मग कोणी काय करावं. कितीही अपुरं असलं तरी सातला निघालंच पाहिजे, रात्री अकराला निघालेलं परफेक्ट पान कोणी वाचत नाही. आणि जिथून माहितीच आली नाही ते वेगळं लिहा, तिथे शून्य भरू नका. शून्य म्हणजे गेलो होतो, गरज नाही. रिकामं म्हणजे कोणी गेलंच नाही. या दोघांतल्या फरकावर आमचं सगळ्यात जास्त भांडण झालंय.

नकाशा असला तर छानच, गूगलच्या माय मॅप्सवर पण काम भागतं, पुढे क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका. नागपूरचं नशीब असं की उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे बनवणारं महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर इथेच आहे, हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र इथेच, सिव्हिल डिफेन्स शिकवणारं कॉलेज १९५७ पासूनचं इथेच. आपत्ती नसताना जाऊन ओळख करून ठेवा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात, त्यांच्या कंट्रोल रूमचा १०७७ सगळ्यांच्या फोनमधे सेव्ह असू द्या, आणि आपलं संध्याकाळचं पान तिथे पण जाऊ द्या.

माणसं कुठून आणायची

आम्ही आधी इंजिनीअर पोरं शोधली. चांगली होती, पण पुण्याला नोकरी लागली की गेली, आणि शीटचा पासवर्ड पण गेला. मग लक्षात आलं की माहिती सांभाळणारी माणसं आपल्याकडे आधीच आहेत. बचत गटाचं रजिस्टर पैशाची चूक न करता दहा वर्षं लिहिणारी बाई, रिटायर्ड तलाठी, मंडळाच्या वर्गणीचा हिशोब ठेवणारा, आशा वर्कर. यांना शीट शिकवणं सोपं आहे, इंजिनीअरला वस्ती शिकवणं अवघड.

कामं तीन ठेवा, माहिती आणणारा, माहिती लावणारा, आणि पान लिहिणारा, आणि प्रत्येक कामाला दोन माणसं. दर महिन्याला अदलाबदल. शिकवताना लेक्चर देऊ नका. आमच्या बचत गटातल्या एक काकू पहिल्या दिवशी माउसला हात लावत नव्हत्या, पण शीट स्क्रीनवर बघून म्हणाल्या, "हे बेरीज बरोबर नाही हो, वरच्या ओळीतले बारा खाली चोवीस कसे झाले?" एक ओळ दोनदा पेस्ट झाली होती. आता रोजचं पान त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय निघत नाही.

आमचा सराव असा असतो. जुन्या पुरातले चाळीस व्हॉट्सॲप मेसेज, नाव-नंबर काढून, चिठ्ठ्यांवर छापलेले. त्यात सहा डबल, तीन अफवा, काही नुसत्या "लवकर या" वाल्या, जागेचा पत्ता नाही. पाच जणांच्या टीमला पंचेचाळीस मिनिटं, शेवटी शीट भरलेली पाहिजे आणि एक पान लिहिलेलं. मधेच मी लाइट घालवते, खरोखर मेन स्विच बंद करते, मग बघायचं कोणाकडे कागदी फॉर्म आहे आणि कोणाची पॉवर बँक चार्ज आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा एकाही टीमकडे कागद नव्हता.

हा सराव मे संपता संपता करा, मृगाच्या आधी, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. पंचेचाळीस मिनिटं झाली की ड्रायव्हर भाऊंना आत बोलावतो, हो तेच, त्या दिवशी चौकात उभे होते ते. ते टेबलासमोर उभे राहून प्रत्येक टीमला विचारतात, "बोला, कुठे वळवू?" मागच्या मे मधे पाचपैकी तीन टीमने गल्लीचं नाव सांगितलं, एकीने झोन सांगितला आणि एकीने विचारलं, गाडीत सामान काय आहे ते आधी सांगा.